मधल्या यंत्रांची कैफियत

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना, सातपुड्याच्या सागवनी अरण्यात, हरिसाल नावाचे एक लहान गाव लागते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने मिळून अमरावती जिल्ह्यातल्या या मेळघाटी गावाची ‘डिजिटल गाव’ म्हणून निवड केली, आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या परंतु प्रत्यक्षात रिकाम्या पडलेल्या लहरींवरून तेथे इंटरनेट नेण्याचा प्रयोग आरंभिला. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत, त्या प्रयोगातून काय साधले आणि काय साधले नाही यावरून, हरिसालचे नाव महाराष्ट्रभर जाहीर सभांतून गाजले. त्या वादात कोणाचा पक्ष खरा, हे ठरविणे हा या लेखाचा विषय नाही. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. गावाला कोणत्या सेवा मिळाल्या आणि कोणत्या मिळाल्या नाहीत याची चर्चा उभय पक्षी भरपूर झाली. परंतु त्या सेवा गावापर्यंत आणण्यासाठी डोंगरावर, खांबावर आणि भिंतीवरच्या पेटीत जी यंत्रे अहोरात्र उभी असावी लागतात, त्यांच्याविषयी त्या सगळ्या गदारोळात एक वाक्यही माझ्या वाचनात आले नाही.

संगणकांच्या जाळ्यात दोन प्रकारची यंत्रे असतात. ज्यांच्यापाशी माणूस बसतो, किंवा ज्यांच्या उदरात माहितीचा साठा असतो, ती टोकाची यंत्रे होत: आपला फोन, कचेरीतला संगणक, दूरच्या शहरातला सर्व्हर. आणि या टोकांच्या मध्ये अशी यंत्रे असतात की ज्यांना स्वतःचे असे काही सांगायचे नसते, ज्यांच्यासाठी म्हणून कोणी काही पाठवीत नाही, परंतु ज्यांच्यावाचून एका टोकाचे अक्षर दुसऱ्या टोकाला पोहोचणे सर्वथा अशक्य असते. स्विच, राउटर, मोडेम, रिपीटर, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, फायरवॉल ही त्यांची नावे आता बाजारात रुळली आहेत. त्यांचे काम मात्र ती विकत घेणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. या मध्यस्थ उपकरणांची हकिगत वऱ्हाडच्या वाचकांपुढे नीट मांडावी, आणि त्यांच्या सध्याच्या स्थितीविषयी एक तक्रारही रुजू करावी, एवढाच माझा हेतू आहे.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातला एखादा शेतकरी पीककर्जाच्या कामासाठी गावच्या सेवा केंद्रात जातो आणि सातबाऱ्याचा उतारा मागतो. २०१८ सालापासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आहे आणि त्यासाठी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. केंद्रचालक गट क्रमांक भरतो, कळ दाबतो, आणि काही क्षणांनी उतारा पडद्यावर येतो. तो उतारा एकसंध कागदासारखा प्रवास करीत नाही. पाठविणारा संगणक त्याचे लहान लहान तुकडे करतो; एका तुकड्याची मर्यादा सामान्यतः दीड हजार बाइटांची असते, आणि दोनशे किलोबाइटांचा उतारा धरला तर त्याचे सुमारे एकशे चाळीस तुकडे होतात. या प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ते कोठून निघाले आणि अखेर कोठे जायचे आहे, हे दोन पत्ते लिहिलेले असतात, आणि ही एकशे चाळीस पॅकेटे एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखी, स्वतंत्रपणे, मार्गाला लागतात.

मार्गात त्यांचे काय होते हे समजावून घेण्यासाठी मूर्तिजापूरच्या स्थानकाइतके उत्तम उदाहरण वऱ्हाडात दुसरे नाही. अचलपूर आणि यवतमाळ या दोन बाजूंनी येणारी, शकुंतला या नावाने पुढे ओळखली गेलेली अडीच फुटी रुंदीची अरुंद रेल्वे मूर्तिजापुरास येऊन मुंबई–नागपूर या साडेपाच फुटी रुंद मार्गाला मिळत असे. अचलपूरकडून आलेली कापसाची गाठ मुंबईला जायची असली तरी ती ज्या वाघिणीतून आली ती वाघीण रुंद रुळांवर चढूच शकत नव्हती. म्हणून फलाटावर गाठी उतरवाव्या लागत, त्यांच्यावरची खूण वाचावी लागत असे, आणि त्या रुंद मार्गाच्या वाघिणीत पुन्हा भराव्या लागत. गाठ तीच, तिच्यावरचे अखेरचे ठिकाण तेच. बदलली ती फक्त वाघीण, आणि वाघिणीवरची पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी. राउटर हे मध्यस्थ यंत्र नेमके हेच काम करते. पॅकेट ही गाठ होय, आणि तिच्यावर लिहिलेला आयपी पत्ता प्रवासभर, काही अपवाद सोडता, जसाच्या तसा राहतो. परंतु एका यंत्रापासून लगतच्या दुसऱ्या यंत्रापर्यंत जाण्यासाठी ते पॅकेट ज्या आवरणात बसते त्याला फ्रेम म्हणतात, आणि राउटरापाशी येताच ती फ्रेम काढून टाकली जाते, आतला पत्ता वाचला जातो, आणि पुढचा मार्ग तांब्याच्या तारेचा असो, काचतंतूचा असो की आकाशातल्या लहरींचा असो, त्या मार्गाला साजेशी नवी फ्रेम चढविली जाते. जगातली सहस्रावधी निरनिराळी जाळी, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कंपन्यांनी, निरनिराळ्या पद्धतींनी बांधलेली असूनही एकच जाळे असल्याचा जो भास आपल्याला होतो, तो या उतरवण्या-चढवण्यामुळे.

हे पॅकेट जर सेवा केंद्राऐवजी तहसील कचेरीसारख्या वीस-पंचवीस संगणकांच्या ठिकाणाहून निघाले असते, तर त्याला प्रथम भेटले असते ते स्विच नावाचे यंत्र. स्विचचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीची अवस्था पाहावी लागते. १९७३ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी ज्या इथरनेट पद्धतीची कल्पना मांडली, तिच्यात सर्व संगणक एकाच सामाईक तारेला जोडलेले असत. एकाने पाठविलेले सर्वांना ऐकू जाई, दोघांनी एकाच वेळी पाठविले तर दोहोंचाही नाश होई, आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. पुढे आलेले हब नावाचे यंत्र या दोषात काहीच सुधारणा करीत नव्हते, कारण एका दारातून, म्हणजे तार बसविण्याच्या खाचेतून, आलेला संदेश उरलेल्या सगळ्या दारांतून जशाचा तसा बाहेर फेकणे एवढेच त्याला ठाऊक होते. संगणक जितके अधिक तितका गोंधळ अधिक, आणि कामाचा वेग तितकाच कमी.

या अवस्थेतून बाजारी वापराच्या यंत्रांना ज्यांनी बाहेर काढले त्यांत विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाचे नाव घेतले पाहिजे. लॅरी ब्लेअर यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियात स्थापिलेल्या कंपनीला त्यांनी आपल्या पत्नीचे, कल्पना हे नाव दिले होते. १९९० साली याच ‘कल्पना’ कंपनीने इथरनेटचा पहिला व्यापारी स्विच बाजारात आणला, आणि १९९४ साली सिस्को कंपनीने ती कंपनी विकत घेतली. आज अमरावतीच्या विद्यापीठात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, बाजार समितीच्या कार्यालयात, बँकेत आणि इस्पितळात भिंतीला लटकणारे जे लुकलुकत्या दिव्यांचे चपटे डबे दिसतात ते सारे त्याच कुळातले आहेत.

स्विचची युक्ती साधी, परंतु विलक्षण सुंदर आहे. प्रत्येक संगणकाच्या जाळे-जोडणीला कारखान्यातूनच अठ्ठेचाळीस बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. स्विच सुरू होतो तेव्हा कोणत्या दाराला कोण जोडलेला आहे, हे त्याला मुळीच ठाऊक नसते आणि ते त्याला कोणी सांगतही नाही. पहिली फ्रेम येते तेव्हा तो पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा पत्ता या दारावर’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करून ठेवतो. ज्याच्याकडे ती जायची त्याचा ठिकाणा ठाऊक नसेल तर ती सर्व दारांतून पाठवितो, आणि त्याने उत्तर धाडले की त्याचीही नोंद होते. काही क्षणांतच सगळी कचेरी त्याच्या परिचयाची होते आणि मग ज्याचा संदेश त्यालाच मिळतो, शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होत नाही. शिवाय या नोंदी कायमच्या नसतात. सामान्यतः पाच मिनिटे एखाद्या पत्त्याकडून काही आले नाही तर स्विच ती नोंद पुसून टाकतो, म्हणजे उद्या कोणी आपला संगणक उचलून दुसऱ्या खोलीत नेला तरी जुन्या माहितीवर विसंबून संदेश भलत्या दारी जात नाहीत.

परंतु या युक्तीत एक वैगुण्यही आहे, आणि कचेऱ्यांतून त्याचा अनुभव येतो. साफसफाईच्या वेळी सुटलेली तार कोणी तरी सद्हेतूने उचलतो आणि तिची दोन्ही टोके एकाच स्विचच्या दोन दारांत बसवितो; त्या क्षणी, सर्वांसाठी म्हणून निघालेली एखादी फ्रेम एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत येते, पुन्हा सर्वत्र पाठविली जाते, पुन्हा परत येते, आणि फ्रेमच्या अंगी स्वतःचा अंत करण्याची काहीच तजवीज नसल्यामुळे हे आवर्तन इतके वाढते की निमिषार्धात सगळ्या कचेरीचे जाळे ठप्प होते. यावरचा उपाय राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधून काढला: सगळ्या स्विचांनी आपसांत निरोपानिरोपी करून, जेथे जेथे फेरा तयार होतो तेथील एक वाट आपण होऊन बंद ठेवावी, आणि चालू वाट तुटली तर ती बंद वाट उघडावी. ही पद्धत चांगल्या प्रतीच्या स्विचांत असते. काही शे रुपयांना मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत बहुधा नसते. सार्वजनिक कचेरीसाठी स्वस्तातला स्विच घेणे हा माझ्या मते काटकसरीचा नव्हे तर खर्चाचा मार्ग आहे, कारण एका तारेच्या चुकीने अख्ख्या तहसिलीचे एक सकाळभराचे काम बुडते आणि दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या माणसांची मजुरीही बुडते.

स्विचची दृष्टी एका इमारतीपुरती, फार तर एका आवारापुरती असते. गावाबाहेर पडायचे झाले की राउटर लागतो. त्याच्या जन्माची कथा १९६७ साली सुरू होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने निरनिराळ्या विद्यापीठांतले निरनिराळ्या बनावटीचे मोठे संगणक जोडावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येक संगणकाला इतर सर्वांची भाषा शिकविणे हे महाकर्मकठीण काम होऊन बसले. वेस्ली क्लार्क यांनी सुचविले की, मोठ्या संगणकांना हा भार देऊच नये. प्रत्येकाच्या शेजारी एक लहान, एकसारखा संगणक ठेवावा, त्या लहान संगणकांनी एकमेकांशी बोलावे, आणि मोठ्याने आपल्या शेजाऱ्याशी बोलता आले म्हणजे पुरे. त्याप्रमाणे १९६९ च्या ऑगस्ट अखेरीस कपाटाएवढे पहिले यंत्र लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाले, आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे पहिला संदेश गेला. इंटरनेटचा इतिहास सांगताना संगणकांचे कौतुक होते. परंतु विचार केला तर ज्या दिवशी मधले यंत्र वेगळे झाले त्याच दिवशी त्याचा खरा जन्म झाला, असे म्हणावे लागते.

राउटरजवळ सगळ्या जगाचा नकाशा नसतो. त्याच्याजवळ असतो एक तक्ता: अमुक आकड्यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांची पॅकेटे अमुक दाराने पाठवावीत. जुन्या आणि अद्याप सर्वत्र प्रचलित अशा पद्धतीचा आयपी पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते. त्यांची एकेकाची नोंद कोण ठेवणार? म्हणून ते समूहांनी लिहिले जातात, आणि एखादे पॅकेट दोन समूहांत बसत असेल तर अधिक तपशिलाची, अधिक नेमकी नोंद ग्राह्य धरण्याचा शिरस्ता आहे. गावच्या लहान राउटरच्या तक्त्यात दोन-चार ओळीच असतात, आणि त्यांतली शेवटची ओळ ‘बाकी सर्व वरच्या राउटरकडे’ अशी असते. देशांतर्गत व देशांबाहेरची जाळी जेथे मिळतात तेथल्या प्रचंड राउटरांना मात्र सुमारे दहा लाख समूहांच्या नोंदी सांभाळाव्या लागतात, आणि प्रत्येक पॅकेटसाठी त्यांतली योग्य नोंद एका सेकंदाच्या अत्यल्प अंशात शोधावी लागते. पॅकेट भरकटत राहू नये म्हणून एक सुज्ञ व्यवस्थाही केलेली आहे. प्रत्येक पॅकेटवर निघतानाच एक आकडा लिहिलेला असतो, जास्तीत जास्त २५५ चा. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की ते पॅकेट रद्द करून पाठविणाऱ्यास तसे कळवितो. स्विचच्या फ्रेमला जी मर्यादा नव्हती ती येथे आहे, आणि म्हणून मार्ग चुकलेले पॅकेट अनंत काळ जाळ्यात फिरत राहत नाही.

राउटर एकमेकांना मार्गांची माहिती कळवितात, आणि ती बव्हंशी विश्वासावर स्वीकारली जाते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी जी चुकीची मार्गनोंद केली ती देशाबाहेर निसटली, इतर राउटरांनी ती ‘अधिक नेमकी’ म्हणून खरी मानली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे जाणारी पॅकेटे भलत्याच ठिकाणी जाऊन नष्ट होत राहिली. यूट्यूबचा एकही संगणक त्या दिवशी बिघडला नव्हता. दोष होता तो सर्वस्वी मधल्या यंत्रांना मिळालेल्या हुकुमाचा.

आता अंजनगावच्या सेवा केंद्राकडे वळू. केंद्रातल्या टेबलावर एक लहानसा डबा असतो, आणि राउटर, स्विच, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट ही तिन्ही यंत्रे त्या एकाच डब्यात सामावलेली असतात. केंद्रातल्या पाच-सहा यंत्रांना तो खाजगी पत्ते देतो. बाहेर जाताना त्या सर्वांच्या जागी एकच सार्वजनिक पत्ता लिहितो, आणि उत्तर परत आले की ते कोणाचे होते हे आपल्या नोंदीवरून ओळखून त्याच्या हवाली करतो. पत्ता प्रवासभर बदलत नाही असे म्हणताना मी जो अपवाद राखला होता तो हाच. ४३० कोटी पत्ते जगाला पुरेनासे झाले तेव्हा ही तोड काढावी लागली. त्या डब्यापासून पुढचा मार्ग, गाव भारतनेटला जोडलेले असेल तर, काचतंतूचा असतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने चाललेल्या या योजनेत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पेटी बसविली जाते. पेटीतले यंत्र विजेच्या संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करते, आणि वीज गेली तर चालावे म्हणून सोबत बॅटरी व सौरपट्टी दिलेली असते. वाटेत एक मजेशीर मध्यस्थ भेटतो, त्याचे नाव स्प्लिटर: विजेचा कणही न वापरता, केवळ काचेच्या रचनेने, एका तंतूतला प्रकाश अनेक तंतूंत वाटून देणारी ही वस्तू आहे, आणि तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे मला ती या सगळ्या परिवारात अत्यंत आदरणीय वाटते. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या सगळ्या गावांचे तंतू एका मोठ्या यंत्रात येतात. तेथून जिल्हा, तेथून मुंबई किंवा पुणे, आणि सर्व्हरच्या दारात फायरवॉल. कोणते पॅकेट आत सोडावे व कोणते नाकारावे याचे नियम तिला घालून दिलेले असतात. आतून कोणी मागितलेल्या माहितीचे हे उत्तर आहे की कोणी न बोलावता आलेले आहे, याचीही ती नोंद ठेवते, आणि अनोळखी व संशयास्पद पॅकेट परवान्यावाचून पुढे जाऊ देत नाही.

या प्रवासाला वेळ किती लागतो? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमरावती ते मुंबई हे साडेसहाशे किलोमीटरांचे अंतर त्याला साडेतीन सहस्रांश सेकंदांचे देखील नाही. अंतर लांब असले तर प्रकाश मंदावतो, म्हणून साधारण दर ऐंशी किलोमीटरांवर, म्हणजे बडनेरा ते अकोला एवढ्या अंतरावर, त्याला पुन्हा बळ देणारी यंत्रे बसवितात. त्यांनाही फारसा वेळ लागत नाही. मग उतारा येण्यास कधी कधी जी मिनिटे लागतात ती कोठे जातात? सर्व्हरवरच्या गर्दीत काही जातात. परंतु काही मधल्या यंत्रांपाशी लागलेल्या रांगेतही जातात. आत येणारी पॅकेटे बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा अधिक झाली की राउटर ती थोडा वेळ आपल्या स्मरणात धरून ठेवतो, आणि स्मरण भरले की पुढची टाकून देतो. हा त्याचा अपराध नव्हे. टाकलेले पॅकेट पुन्हा मागविण्याची जबाबदारी टोकाच्या संगणकांवर ठेवलेली आहे, आणि मधले यंत्र जितके साधे तितके जाळे टिकाऊ, हे तत्त्व इंटरनेट रचणाऱ्यांनी जाणूनबुजून स्वीकारले आहे.

वऱ्हाडला संगणकाचे जाळे काही नवे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय सूचना केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहामार्फत देशातली जिल्ह्यांची ठिकाणे जोडण्यास आरंभ केला, तेव्हा जिल्हा कचेऱ्यांच्या आवारात तबकड्या उभ्या राहिल्या आणि सर्वांचे मुख्य केंद्र दिल्लीत राहिले. अशा रचनेत अमरावतीचा निरोप अकोल्याला, म्हणजे रस्त्याने शंभरेक किलोमीटरांवर, जायचा झाला तर तो आधी छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे, तेथून तितकाच खाली दिल्लीला, पुन्हा वर आणि पुन्हा खाली, असा सुमारे एक लक्ष चव्वेचाळीस हजार किलोमीटरांचा फेरा करी आणि त्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जाई. मध्यस्थ कोठे बसविला आहे यावर जाळ्याचा स्वभाव किती अवलंबून असतो, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण. हरिसालच्या प्रयोगातही प्रश्न मूलतः हाच होता. वायफायच्या नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ओल्या पानांच्या दाट झाडीत त्या लवकर क्षीण होतात. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यातल्या लहरी त्याहून चौपट-पाचपट लांब, आणि म्हणून झाडी व टेकड्या यांतून अधिक दूर जाणाऱ्या. कल्पना शास्त्रशुद्ध होती. परंतु त्या लहरी पाठविणारे आणि घेणारे यंत्र शेवटी रानातल्या खांबावरच बसणार होते, आणि खांबावरच्या यंत्राला वीज, पाऊस आणि राखण यांची चिंता कोणी तरी वाहावीच लागते.

माझी तक्रार येथून सुरू होते. मधले यंत्र साधे असावे, त्याने कमीत कमी शहाणपण करावे, हे तत्त्व त्याच्या कामाविषयीचे आहे. आपण मात्र ते त्याच्या निगेला लावले आहे आणि त्याच्याकडे कमीत कमी पाहण्याची सवय स्वतःला लावून घेतली आहे. वऱ्हाडच्या हवेत ही सवय विशेष घातक ठरते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही तेथे दरसालची बाब, आणि कचेरीसाठी बनविलेली बहुतेक स्विच-राउटरे चाळीस अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनविलेली असतात. टिनाच्या छपराखालच्या बंद पेटीत तापमान बाहेरच्याहून कितीतरी चढते. त्या यंत्रांच्या वीजपुरवठ्यात जे विद्युतधारक असतात त्यांचे आयुष्य, तापमान दहा अंशांनी वाढले की साधारणतः निम्म्यावर येते, आणि बॅटरीचीही गत तीच. जिनिंगच्या गावांतून हवेत उडणारे कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकून वारा कोंडतात. मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात आणि तांब्याच्या लांब तारेतून शिरलेला दाब एका क्षणात दार जाळतो. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने कडेचा काचतंतू तोडला तर गावे दिवसचे दिवस अंधारात राहतात, आणि उन्हाळ्यात भेगाळून पावसात फुगणारी आपली काळी जमीन उथळ पुरलेल्या केबलला सुखाने राहू देत नाही.

यातले एकही कारण असाध्य नाही. अधिक उष्णता सोसणारी, पंख्यावाचून चालणारी औद्योगिक वापराची यंत्रे मिळतात. त्यांतली कित्येक सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत काम करतात आणि किंमत अधिक असली तरी वऱ्हाडात ती वसूल होते. पेटी पश्चिमेच्या उन्हातल्या भिंतीवरून उत्तरेच्या सावलीत हलवायला खर्च जवळजवळ नाहीच. भूजोडणी नीट करून घ्यावी, दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी काचतंतू टाकावा, दोन-तीन महिन्यांनी धूळ झाडावी. ही कामे पदवीधर अभियंत्याची नाहीत, गावातल्या आयटीआय झालेल्या मुलाला ती सहज करता येतात. अडचण एवढीच आहे की ती कोणाच्याही नावावर लिहिलेली नसतात. संगणक आला की त्याची नोंद जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत होते आणि तो कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिले जाते. भिंतीवरची पेटी एका खात्याने बसविलेली, तिची वीज दुसऱ्याची, तिची दुरुस्ती तिसऱ्या ठेकेदाराकडे, आणि तिचा धनी कोणीच नाही, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी असते. यंत्र बंद पडते तेव्हा लोक म्हणतात ‘सर्व्हर डाऊन आहे’, आणि ज्या सर्व्हरला बिचाऱ्याला काहीही झालेले नसते त्याच्या नावाने बोटे मोडीत घरी परततात.

म्हणून अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा भरते. येत्या सभेला अवश्य जावे आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेण्यास सांगावे: पंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीतली बॅटरी कोणत्या तारखेला बसविली, ती पेटी दुपारच्या उन्हात आहे की सावलीत, आणि तिच्या देखभालीचे काम गावातल्या कोणत्या व्यक्तीच्या नावावर आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याच सभेत एक नाव मुक्रर करावे, आणि त्या माणसाच्या मानधनाची तरतूद ग्रामपंचायतीच्या पुढच्या वार्षिक आराखड्यात करून घ्यावी.